दुसरा सिलिंडर

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

उद्यापासून पांढुर्णा. मुलींच्या निवासी शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते पावणेदहा. एक महिना चाचणी, मग पुढचं ठरेल. बी.एस्सी. होऊन एकेचाळीस वर्षं झाली. घरी शिकवण्या पुष्कळ घेतल्या, पण शाळेतल्या फळ्यासमोर एकदाही उभी राहिले नाही. त्याची कारणं लिहिण्यात अर्थ नाही.

सौंसरहून बसने जमत नाही. पहिली बस नऊला पोचवते, परत यायला दुपारचे दोन. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एवढा वेळ एकटं ठेवता येत नाही. वय शहाऐंशी. एकदा न्हाणीत पडल्या आहेत. शेजारची चंचल सकाळी साडेसहा ते अकरा त्यांच्यापाशी बसायला तयार झाली. अकराला तिला शिलाईचं दुकान उघडायचं असतं. म्हणजे मला अकराच्या आत दारात हजर राहायला हवं. ते फक्त गाडीनेच होईल.

गाडी ह्यांची. पेट्रोलची, तीन सिलिंडरची, तेरा वर्षं जुनी. चार वर्षांपूर्वी छिंदवाड्याच्या रस्त्यावर ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा ह्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग गेले. गाडीला ओरखडा नव्हता. त्यानंतर मी चालवायला शिकले.

खरं लिहायचं तर शिकवण्याइतकीच ओढ मला त्या चाळीस किलोमीटरची आहे. जाताना तासभर, येताना तासभर. तेवढा वेळ "कुठं गेली वो सूनबाई?" अशी हाक येणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेलेच नाही. म्हणजे निघाले, पण पोचले नाही.

पाचला उठले. सहाला बोनट उघडून ऑइलची पट्टी पाहिली, रेडिएटरचं पाणी पाहिलं. लांब जायचं तर हे पाहूनच निघायचं, असं शिकवणाऱ्याने बजावलं होतं आणि गावाबाहेर एकटीने जायची आज पहिलीच वेळ म्हणून मी ते पाळलं. हे कधी पाहायचे नाहीत; किल्ली फिरवली की निघाले. बोनट तसंच उघडं ठेवून हात धुवायला, पर्स घ्यायला आत गेले. तोवर आत्याबाईंचं अंगणात पाणी घालणं चाललं होतं. शिवेबाहेर जाणाऱ्या गाडीला तांब्याभर पाणी घालायचं, ही त्यांच्या माहेरची बैलगाडीच्या काळची रीत. हे उभे राहायचे हात जोडून. मला तो प्रकार पाहवत नाही, म्हणून मी तेवढ्यात माझी कामं उरकते. बाहेर आल्यावर बोनट लावलं आणि निघाले.

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाशी पोचेपर्यंत गाडी थडथडायला लागली. चढावर दम नाही. समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. पुस्तिकेत लिहिलंय की तो दिवा असा लुकलुकला तर गाडी पुढे नेऊ नये. मागे फिरले.

मुख्याध्यापिका सुचिता मॅडमना फोन केला. "काही हरकत नाही मॅडम, पहिल्या दिवशी होतं असं," म्हणाल्या. पहिल्या दिवशी असं काही व्हायचं कारण नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बसस्टँडजवळचा मिस्त्री हेमराज घरी आला. त्याने गाडी चालू केली, रेस दिली, कान लावला. गाडी शिवणयंत्रासारखी चालली.

"मॅडम, काहीच नाही ना हिले. मस्त चालून राहिली."

"काल मिसिंग मारत होती. दिवा लुकलुकत होता."

"मंग पेट्रोलात पाणी आलं असन. थोडी रेसवर चालवा. बाया का करतात, लवकर गिअर टाकून देतात..."

मी त्याला म्हटलं, बाया काय करतात ते नंतर सांग, आधी प्लग काढून दाखव. म्हणाला, थंड होऊ द्या, उद्या पाहू. उद्या बुधवार. उद्या मला जायचं आहे.

आत्याबाई ओट्यावरून ऐकत होत्या. "नाहीच जाऊन राहिली तं का बिघडते?" म्हणाल्या. "तू गेल्यावर मले दिवसभर कसंतरी वाटते." मी सांगितलं, दिवसभर नाही, साडेचार तास. चंचल असते. त्या म्हणाल्या, "चंचल का सून हाये माही?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा. तेच ठिकाण, तोच दिवा. सगळी तयारी तशीच केली होती, पट्टी, पाणी, सगळं. पंपावरूनच परत.

दुपारी आत्याबाई झोपल्या असताना न सांगता गाडी काढली आणि बोरगावपर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी चालली. मला राग आला. वस्तू बिघडली तर बिघडावी, सुधारली तर सुधारावी. असा लपंडाव माणसाने केला तर मी त्याला घरात घेत नाही.

सुचिता मॅडमना पेट्रोलातल्या पाण्याचं सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गजेंद्रने पुण्याहून पाठवलेलं यंत्र आलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाइलवर गाडीचा दोष वाचायचा. फोनवर म्हणाला, "आई, तुले आता या वयात कायले पाहिजे हे? आजीले घेऊन इकडं येऊन जा." मी विचारलं, तुझ्या दोन खोल्यांत आम्ही दोघी कुठे बसू? तो म्हणाला, करू ना कायतरी. मुलगा चांगला आहे, पण 'कायतरी' हा त्याचा आवडता शब्द आहे.

यंत्राने सांगितलं: पी ०३०२. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही.

आता रीतसर चालायचं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. प्रत्येक सिलिंडरवर एक कॉइल असते, ती प्लगला वीज देते. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. दोष कॉइलमध्ये असेल तर उद्या यंत्र ०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर, सांगेल. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण परत बसवलं नाही. दरवेळी काढायचंच आहे.

चंचल कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, "काकू, तुमी तं डॉक्टरच झाल्या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मिसिंग. यंत्र म्हणतं ०३०२. म्हणजे कॉइल निर्दोष.

सुचिता मॅडम म्हणाल्या, "मुली वाट पाहून राहिल्या होत्या, मॅडम. बुधवारी म्हणालात पेट्रोल. आता?" मी म्हटलं, उंदरांनी वायर कुरतडली असावी. तसं मला खरोखर वाटलं होतं. नंतर टॉर्च लावून तासभर पाहिलं. एकाही वायरला दात लागलेला नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. आज पंपाशी गाडी थडथडली तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. पंचवीसेक मुली, फळा, आणि मागे वळून पाहिल्यावर सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मग मात्र स्वतःचीच लाज वाटली.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या सिलिंडरचा प्लग स्वतः काढला. पान्याला लांब दांडा जोडावा लागतो. प्लग एका खोल विहिरीत बसलेला असतो, वाकून पाहिलं तरी तळ दिसत नाही. वर आला तेव्हा त्याच्या अंगावर गंज होता, आणि पांढरट थर, आपल्या माठाच्या बुडाला धरतो तसा. दमट हवेने होत असावं. नोव्हेंबरात दमट हवा कुठली, कापसाची बोंडं कडकडीत वाळली आहेत; पण गंज आहे खरा. पहिल्या आणि तिसऱ्या प्लगला नाही.

तिन्ही प्लग नवे घातले. गाडी घेऊन लोधीखेड्याला जाऊन आले. आत्याबाई न्हाणीत होत्या, चंचलला सांगून गेले. काहीही झालं नाही.

परत आल्यावर आत्याबाई रुसल्या. "गाडी शिवेच्या भायेर नेली अन् मले सांगतलं नाही. असं करत नसतात." त्यांना कसं कळलं विचारलं तर म्हणे चाकाला लागलेली माती आपल्या गावची नाही. सासरे बियाणं घ्यायला जायचे तेव्हाही त्या अशाच चाकं पाहायच्या. या घरात मी एकेचाळीस वर्षं कुठलीही माती लावून न घेता राहिले आहे, हे त्यांना कधी दिसलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवे प्लग, तरी मिसिंग. ०३०२.

सुचिता मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मला वरती उत्तर द्यावं लागते. बुधवारी राहू द्या. शुक्रवारी या. नाही जमलं तर मग आपण नंतर कधी पाहू." 'नंतर कधी' म्हणजे काय ते बासष्ट वर्षांच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

हेमराज संध्याकाळी आला. गाडी अर्थातच उत्तम चालली. त्याने हात पुसले आणि मला म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. गाडीले काही नाही. तुमाले जावंसंच वाटत नसन." मी त्याला चहा न देता घालवला. पण रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. मला हायसं वाटलं होतं हे हेमराजला कसं कळलं?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आत्याबाईंना चंचलच्या घरी तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं आणि कुणाला न सांगता थेट पांढुर्ण्याला गेले. बोनट उघडलं नाही, पट्टी पाहिली नाही, चोरासारखी निघाले. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, एकदाही दिवा लागला नाही.

शाळेच्या फाटकासमोर दहा मिनिटं गाडीत बसले. मुली ओळीने जेवायला जात होत्या. हातात ताटं. एकीने ताट डोक्यावर धरलं होतं उन्हासाठी. आत गेले नाही. माझा दिवस शुक्रवारचा आहे.

घरी येऊन तक्ता केला. मिसिंग झालं ते दिवस: दहा, बारा, चौदा, सतरा. झालं नाही ते: बारा दुपार, सोळा, अठरा. सकाळ, हे एक कारण दिसतं. थंडीत काहीतरी आकुंचन पावत असेल. पण आजही मी सकाळीच निघाले होते. बाकी फरक काही दिसत नाही. इंजिन तेच, रस्ता तोच, चालवणारी तीच. फरक एकच, की मिसिंगच्या दिवशी मी सगळी काळजी घेऊन निघाले होते आणि बाकीच्या दिवशी निष्काळजीपणे. यातून काय निष्कर्ष काढायचा? की काळजी घेऊ नये? असा निष्कर्ष मी काढणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शांतपणे लिहिते.

सहाला पट्टी पाहिली, पाणी पाहिलं. आज इंजिनही बोनट उघडं असतानाच चालू केलं, निघण्याआधी आवाज ऐकावा म्हणून. स्वच्छ आवाज होता. पर्स घ्यायला आत निघाले. दारात पोचले आणि मागे थडथड सुरू झाली. तोच आवाज. वळले.

आत्याबाई काठी बंपरला टेकवून उघड्या बोनटवर वाकल्या होत्या आणि तांब्या इंजिनावर उपडा करत होत्या. अगदी मधोमध. पदर फिरत्या पट्ट्यापासून वीतभर.

मी ओरडले. धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. तांब्या खाली पडून गेटपर्यंत घरंगळला.

"काय करता हे? इंजिनात पाणी कशाला ओतता?"

त्या घाबरल्या होत्या, पण आवाज नेहमीचाच. "ओतत नाही, टाकून राहिली. रोज टाकतो."

"इथे? यात?"

"मंग कुठी? बैलाच्या पायावर टाकत होतो आमी. पुंडलिक म्हणे, माय, या गाडीचे घोडे या झाकनाखाली हायेत, साठ घोडे. तवा मी झाकनावरच टाकत होती. आता तू तं झाकन उघडून ठेवते अन् आत चालली जाते." मग म्हणाल्या, "मले वाटलं, माह्यासाठीच उघडून ठेवते. तुले पटत नाही तरी माह्यासाठी करून राहिली म्हणून."

पाणी त्या विहिरीत उतरायचं. मधल्या. दुसऱ्या सिलिंडरच्या. इंजिन तापलं की दुपारपर्यंत वाळून जायचं. एवढं सोपं, आणि मी दोन आठवडे प्लग मोजत होते. एकदा, फक्त एकदा मागे वळून पाहिलं असतं तर.

हे कळलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी काय बोलले ते लिहिते. मी म्हटलं, "तुमच्यामुळे माझी नोकरी गेली. आता पाणी टाकायला या गाडीपाशी यायचं नाही. कधीच नाही."

त्या म्हणाल्या, "पुंडलिक गेला त्या दिवशी म्या माहेरी होती. कोनीच टाकलं नाही."

हृदयविकाराचा आणि पाण्याचा संबंध नाही. मी हे बोलले नाही. एरवी बोलले असते.

विहिरीतलं पाणी पिचकारीने ओढलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसलं. तोवर सव्वासात झाले होते. सुचिता मॅडमना फोन केला. दुसरं कारण शोधलं नाही.

"मॅडम, माझ्या सासूबाईंनी इंजिनावर पाणी ओतलं."

त्या म्हणाल्या, "मॅडम, आधी पेट्रोल होतं, मग उंदीर. आता सासूबाई?"

"खरं तेच सांगते आहे. सगळ्या वेळी त्याच होत्या. मला आज कळलं."

त्या हसायला लागल्या. हसणं थांबेना. मी फोन धरून उभी. शेवटी म्हणाल्या, "असं खोटं कोणी मनानं रचू शकत नाही. माझी सासू गाडीच्या आरशाला वरवंट्याएवढी लिंबू-मिरच्यांची माळ बांधते, पुढचं दिसत नाही. सोमवारी या. आठच्या पाच मिनिटं आधी. पण मॅडम, ही शेवटची संधी."

रात्री आत्याबाईंना पोळी वाढताना मनगट दिसलं. माझी चार बोटं उमटली आहेत. जांभळी. त्यांनी बांगड्या वर सरकवून झाकलं. मी भाजी वाढली.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस आत्याबाई बोलत नाहीत. हाकही नाही. मला हवी होती ती शांतता घरबसल्या मिळाली, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायलाही मला जड जात आहे.

पट्टी संध्याकाळीच पाहून ठेवली. बोनट लावलं. इंजिनावरचं झाकणही बसवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सहा पस्तीसला बाहेर आले तर आत्याबाई गाडीत. मागच्या सीटवर, धुतलं लुगडं नेसून, चपला घालून, काठी दोन्ही पायांच्या मध्ये. चंचल दाराशी हसू दाबत उभी. "काकू, मी नाही बसवलं. आपल्याच आपल्या चढल्या."

"उतरा," मी म्हटलं. "उशीर होतो आहे."

"पाणी नाही टाकू देत तं मीच येतो संगं."

"तिथे दोन तास कुठे बसणार?"

"तू शिकवशीन तिच्या भायेर. उतरवाचं असन तं उतरव. पकड हात."

आणि त्यांनी हात पुढे केला. तोच. बांगड्या खाली घसरल्या.

मी दार लावलं आणि गाडी सुरू केली.

चाळीस किलोमीटर त्या बोलत होत्या. दोन दिवसांचं साचलेलं. हा संत्र्याचा बगीचा कोणाचा, या विहिरीला पाणी कधी लागलं, अमक्याची सून कशी निघाली. मी ज्याच्यासाठी ही सगळी धडपड केली तो तास असा गेला. दिवा लागला नाही. गाडी तिन्ही सिलिंडरवर चालली आणि मला ते धड ऐकूही आलं नाही.

सात पन्नासला पोचलो. सुचिता मॅडम बाहेरच होत्या. माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान. मागच्या दारातून आधी काठी आणि मग आत्याबाई बाहेर आलेल्या पाहून म्हणाल्या, "याच का?" मी हो म्हटलं. त्यांनी व्हरांड्यात वर्गाच्या खिडकीखाली खुर्ची टाकायला लावली.

तेवीस मुली. उठून उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं, माझा आवाज मला अनोळखी वाटला. फळ्याकडे तोंड करून विषय लिहिला: विद्युत प्रवाह. आज मागे फिरायला कारण नव्हतं. खडू दोनदा मोडला. नाव विचारलं, सांगितलं. मग मी प्रवाह, दाब आणि रोध यांच्यावर आले आणि कोणाचे डोळे माझ्यावर आहेत ते पाहायला वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या तासाला अर्ध्या मुली प्रयोगशाळेत गेल्या. वाटेत व्हरांड्यात रेंगाळल्या असाव्यात. मी सूत्र लिहीत होते. खिडकीतून आवाज आला.

"आजी, तुमी मॅडमच्या आई का?"

"सासू. बी.एस्सी. हाये माही सून. नागपूरची. तवाच्या काळात, पोरींनो. लग्न झाल्यावर दोन महिन्यांनी तिले मास्तरनीची चिठ्ठी आलती शाळेची."

"मग?"

"मंग का. म्या चुलीत टाकली. घरात कामाले कोन होतं? तिले कधी सांगतलं नाही. तिले वाटते, आलीच नाही म्हणून."

मुली काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. समोरच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे पाहत होती. सूत्र अर्धं राहिलं होतं. मी ते पूर्ण केलं, खाली रेघ ओढली आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. त्या उतरवत होत्या तेवढा वेळ मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग एकीने विचारलं, मॅडम, पुढे?

पुढचं शिकवलं.

तास संपल्यावर सुचिता मॅडम म्हणाल्या, बुधवारी भेटू. आत्याबाईंना मी हात दिला, त्यांनी घेतला. मी त्यांना दंडाला धरलं, मनगटाला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पोरी चांगल्या हायेत." मी किल्ली फिरवली. विचारायचं तर ओठांवर होतं, कोणती शाळा, कोणता महिना, सही कोणाची होती. आरशात पाहिलं तर त्यांचे डोळे मिटले होते. गाव सुटलं तेव्हा घोरायला लागल्या होत्या, डोकं काचेला, तोंड उघडं.

इंजिनाचा आवाज आता स्वच्छ ऐकू येत होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया. कोणी हाक मारणारं नव्हतं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, अकराला दारात पोचायचं बंधन आज नव्हतं, कारण ज्यांच्यासाठी पोचायचं त्या मागे झोपल्या होत्या. घर अजून बावीस किलोमीटर होतं.

मी वेग कमी करून चाळीसवर आणला.